माणशी दोन घागरी

"घरात माणसं किती?" असं शरणप्पांनी विचारलं आणि मारोतीराव सूर्यवंशींच्या तोंडून "दोघं" असं निघून गेलं. निघून गेलं म्हणजे शिंक जाते तसं. शिंकेनंतर माणूस रुमाल शोधतो, तसा त्यांनी खिशात हात घातला. खिशात मोजायचा टेप होता, ओव्हरसियरकीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी न सुटलेला. तो त्यांनी मुठीत दाबून धरला. घरात माणसं तीन होती. ते स्वतः, बायको सिंधु आणि थोरली बहीण नागुबाई, म्हणजे आक्का. उभा जन्म मोजमापात गेलेल्या माणसानं तीनपर्यंत मोजताना चुकावं, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी होती. पण हसायला वेळ मिळाला नाही, कारण शरणप्पांनी वहीत 'दोन' असं लिहून वर म्हटलं, "मग झालं. दोनाच्या वर डोकं घेतच न्हाई आम्ही आता."

खरं तर ही भाड्याची जागा बघायला मारोतीराव घरून निघाले ते एका वेगळ्याच प्रश्नाची तयारी करून. सूर्यवंशी हे आडनाव ह्या मुलखात मोठं सोयीचं. पाटलाच्या माडीवर आहे, आणि वेशीबाहेरच्या वस्तीतही आहे. त्यामुळं ऐकणाऱ्याचं एका प्रश्नात भागत नाही. तो जरा थांबतो, पानाला चुना लावतो आणि विचारतो, "कुठले सूर्यवंशी?" ह्या प्रश्नाला भूगोलातलं उत्तर द्यायचं असतं, "चाकूरकडचे." मग तो आणखी थांबतो. छप्पन सालानंतर वडलांनी घरातले सगळे देव पोत्यात भरून ओढ्यात सोडले आणि भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, तेव्हा हा मारोती दोन-तीन वर्षांचा होता; देव घरातून गेले, एक तेवढा नावात राहून गेला. तेही नाव सोयीचंच निघालं. ब्याऐंशी साली उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला आणि मारोतीरावांची बदली नव्या जिल्ह्यात झाली, तेव्हा ह्या नावाआडनावाच्या जोरावर त्यांना सहा घरं आतून बघायला मिळाली. 'कुठले सूर्यवंशी'चं खरं उत्तर दिल्यावर सहाही घरमालकांना एकदम आठवलं की जागा भाच्याला द्यायची आहे. त्या श्रावणात लातुरात इतके भाचे राहायला आले की जिल्हा झाला तो त्यांच्यासाठीच, असं वाटावं. आज चौतीस वर्षांनी मारोतीरावांनी रिक्षात बसून ते उत्तर पुन्हा जुळवलं होतं. आवाज कसा ठेवायचा, कुठं बघायचं, नाही म्हणाले तर उठताना काय म्हणायचं, सगळं. आणि शरणप्पांनी आडनाव ऐकलं, "बरं" म्हटलं, लिहिलं, आणि डोकी विचारली. जिना संपलाय हे ध्यानात न येता पाय पुढची पायरी शोधतो आणि आपटतो, तसं मन आपटलं. त्या आपटण्यात, सुटलो ह्या आनंदात, आक्का निसटली.

गिरिजा अपार्टमेंट ही लातुरातल्या पहिल्यावहिल्या फ्लॅटवाल्या इमारतींपैकी. चौऱ्याऐंशी सालची. नव्या जिल्ह्याला नवे साहेब आले, साहेबांना संडास घरातच लागतो असं कळलं, म्हणून ती बांधली गेली. पुढं साहेब बंगल्यांत गेले आणि हिला अवकळा आली. रंग उडाला, गॅलऱ्यांना गंजक्या जाळ्या आल्या, आणि 'जुन्या बिल्डिंगीत कोण राहतंय' म्हणून माणसं गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत प्लॉट घेऊन घरं बांधू लागली. त्यांत मारोतीरावही होते. स्वतः उभं राहून बांधलेलं घर, पायापासून स्लॅबपर्यंत एका गजाचीही काटकसर न केलेलं. त्या घराचा बोअर संक्रांतीला आटला. टँकर बाराव्या-पंधराव्या दिवशी यायचा, आणि आला की गल्लीतली चांगली शिकलेली माणसं एकमेकांच्या अंगावर पाइप टाकायची. त्या गर्दीत फाल्गुनात सिंधु घसरून पडली. कमरेच्या मणक्याला मार बसला, डॉक्टरांनी तीन महिने पडून राहायला सांगितलं. पडून राहिलेल्या माणसाला उभ्या माणसापेक्षा जास्त पाणी लागतं, हे मारोतीरावांना तेव्हा कळलं. पुसायला, धुवायला, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. शहराला रेल्वेनं पाणी येणार असं रोज छापून येत होतं. पेपर तेवढा वेळेवर येत होता. नांदेडला शाळेत शिकवणारी त्यांची मुलगी पंचशीला हिनं फोनाफोनी करून ही जागा शोधली होती. इमारत जुनी आहे पण बोअरला पाणी आहे, मालक पुण्याला असतो, सगळा कारभार सेक्रेटरीच बघतात, ते शरणप्पा म्हणून आहेत, रिटायर मास्तर. म्हणजे स्वतःच्या पक्क्या घराला कुलूप लावून दुसऱ्याच्या पडक्या घरात भाड्यानं जायचं. सरकारी नोकरीत ह्याहून चमत्कारिक प्रस्ताव मारोतीरावांनी मंजूर होताना पाहिले होते.

"हे बघा साहेब," शरणप्पा किल्ल्या घेऊन पुढं चालत सांगत होते, "बोअर एकच हाय. तीनशे फुटाचा. आजूबाजूचे आठ-आठशे फूट गेलेत, फुफाटा निघून राहिला. आमचा चालून राहिलाय. कसा ते इचारू नका, नजर लागती. सकाळी वीस मिन्टं मोटर, अन् ह्या नळावर सगळ्यांनी यायचं. माणशी दोन घागरी. दोन डोकी, चार घागरी. हिशोब साफ." नळाच्या वर भिंतीला एक काळा फळा टांगला होता, शाळेतून आणला असावा. त्यावर फ्लॅटचा आकडा आणि पुढं डोकी, खडूनं, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. "अन् एखाद्याकडं पाहुणा आला तर?" मारोतीरावांनी विचारलं. आवाज सहज ठेवला होता. "पाहुण्यानं आपलं पाणी आपल्या गावाहून आणायचं," शरणप्पा म्हणाले. "हसताव काय, खरंच आणतेत. माझा मेव्हणा निलंग्याहून दोन क्यान घेऊन आला, यष्टीत मांडीवर. नव्या बिऱ्हाडाला दोनच डोकी, असा ठराव हाय. कालच एका बँकवाल्याला वापस लावलं, चार डोक्याचं खटलं. आता एक मास्तर-मास्तरीण हायत, दोघंच, चारला येतेत. पण तुमचा नंबर अगुदर."

इमारत तपासायची ती खालून, ही मारोतीरावांची जुनी शिस्त. पार्किंगमधल्या खांबांभोवती ते फिरले. दोन खांबांचा गिलावा फुगला होता, आतून गज गंजून वर येत होता. त्यांनी बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं. पोकळ. एका भिंतीत कोपऱ्यापासून वर गेलेली चीर सिमेंटनं बुजवलेली होती, टाके घातल्यासारखी, ती भूकंपातली. एरवी एवढ्यावर त्यांनी वही मिटली असती. पण जिन्याच्या वळणावर भिंतीला ओल दिसली, जुनी, पिवळी, कडेनं पापुद्रे सुटलेली, आणि त्यांना ती बघून बरं वाटलं. ह्या भिंतीत कधीतरी पाणी होतं. जिल्हा झाला त्या वर्षी त्यांचं काम हेच होतं: खासगी इमारती बघायच्या, टेप लावायचा, आणि सरकारी कचेरीला भाड्यानं घेण्याजोग्या आहेत की नाही ते लिहून द्यायचं. कचेऱ्या जास्त आणि इमारती कमी. एक कचेरी सरकीच्या गोदामात बसवली, एक मंगल कार्यालयात. तिथं साहेबाच्या डोक्यावर लग्नसराईचे दोन महिने झिरमिळ्या लटकत असत. मारोतीरावांनी प्रत्येक अहवालाखाली एकच वाक्य लिहिलं, 'सदर इमारत वापरास योग्य आहे.' कुठं छत गळत होतं, कुठं पाया खचला होता. वाक्य बदललं नाही. गरज मोठी असली की इमारत योग्य होते, हे शहाणपण तेव्हाचं.

आणि तेव्हाच, सातवं घर मिळालं होतं. दोन खोल्या. मालक सज्जन होता, म्हणजे त्यानं आडनाव विचारलं नाही, फक्त माणसं किती ते विचारलं. "दोघं," मारोती म्हणाला होता. तेव्हा ते खरं होतं, कारण आक्का गावी होती. पण ती गावी होती ती वाट बघत. "जागा मिळाली की नेतो तुला," असं तो तिला सांगून आला होता. जागा मिळाली, मग तो म्हणाला, "लहान हाय, मोठी मिळाली की नेतो." मोठी मिळाली तेव्हा पंचशीला झाली होती आणि सासू येऊन राहिली होती. आक्का कधी विचारायची नाही. गावाहून कुणी आलं की हुलगे, भुईमुगाच्या शेंगा, असं काही पाठवायची. मारोती मग घरात म्हणायचा, "तिला गावाकडंच करमतं." हे वाक्य इतक्या वेळा म्हणून झालं की त्यालाही वाटू लागलं, हे आक्काच बोलली असावी. अकरा वर्षांनी भूकंप झाला. गावातलं दगडमातीचं घर हललं, एक भिंत चुलीवर आली, आक्का अंगणात होती म्हणून वाचली. त्या आठवड्यात तो जीप घेऊन गेला आणि तिला घेऊन आला. लोक म्हणाले, बघा, भाऊ कसा धावून आला. मारोतीरावांना आत कुठंतरी पक्कं माहीत होतं की तिला लातुरात आणलं ते भूकंपानं.

"किती पायऱ्या हो?" दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी विचारलं. "मोजल्या न्हाईत. का?" शरणप्पा वरून म्हणाले. मारोतीराव मोजत होते. चोपन्न होणार, आणि पायरी साडेसात इंची, म्हणजे गुडघ्याला जरा उंचच, पण मधल्या वळणावर कठडा रुंद आहे, तिथं घागर टेकवून दम खाता येईल. मग त्यांना उमगलं की हे ते आक्कासाठी मोजताहेत. सिंधु चढणार ती एकदाच, खुर्चीत बसवून, चौघांनी धरून. ते स्वतः कठड्याला घागर टेकवून दम खातील, हे चित्र त्यांच्या मनात आलंच नव्हतं. घागर डोक्यावर असलेली बाई आक्काच होती, चौऱ्याहत्तर वर्षांची, काष्टा खोचलेली, शेजारच्या पोरींना शिव्या देत टँकरला पहिला नंबर लावणारी. तोंडानं तिला घराबाहेर ठेवून मन तिला जिना चढवत होतं. वर गेल्यावर तर मनानं कमालच केली. दार उघडलं, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं अरुंद गॅलरी. शरणप्पा पंख्याचं बटण दाबून दाखवत होते आणि मारोतीराव गॅलरीत उभं राहून ठरवत होते की इथं आक्काची बाज बसते का. साडेपाच फूट. बसते. टेप लावून पाहिला.

बहात्तरच्या दुष्काळात आक्का तीस वर्षांची होती. नवऱ्यानं टाकून माहेरी आलेली. गावाबाहेर सडकेच्या कामावर खडी फोडायची. मारोती नांदेडला पॉलिटेक्निकात पहिल्या वर्षाला होता. कामावरच्या मजुरांना तेव्हा सरकार सुकडी वाटायचं, पिवळसर गोडसर पीठ, जागेवरच खायचं. आक्का अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधायची, आणि आठवड्याची साठली की फडक्यात गुंडाळून नांदेडच्या यष्टीत कंडक्टरजवळ द्यायची. मारोती स्टँडवर जाऊन ती घ्यायचा आणि होस्टेलच्या संडासात कडी लावून खायचा. भुकेची लाज होती की सुकडीची, ते त्याला तेव्हाही ठरवता आलं नाही. एकदा खोलीतल्या एकानं विचारलं, "कोण पाठवतं रे तुला?" मारोती म्हणाला, "गावचे लोक." तेव्हाही, कुणी धाक घातला नव्हता. पुढं ओव्हरसियर झाल्यावर त्यानं शेकडो खडीचे ढीग मोजले, आणि सुट्टीत गावी गेला की आक्का सडकेकडेच्या ढिगाकडं बघून म्हणायची, "दीड बरास. दोन लिहितेत व्हय रे तुझे लोक?" ती शाळेत गेली नव्हती. तिचा आकडा कधी चुकला नाही.

फोन वाजला. सिंधूचा नंबर, पण आवाज आक्काचा. ती मोबाइलवर नेहमी अशी बोलायची, जणू मधलं सगळं अंतर आवाजानंच कापायचं आहे.

"मारोती, बघितलास का?"

"बघून राहिलोय, आक्का."

"भिंती ऱ्हाऊ दे. पाणी तोंडात घालून बघ. जड हाय का हलकं?"

"बघतो."

"डाळ शिजती का इचार. कोन बाई असंल तिला इचार, बाप्याला काय कळतंय. अन् मानशी किती देतेत?"

"दोन घागरी."

"दोन!" आक्का सिंधूकडं वळून ओरडल्याचं ऐकू आलं, "सिंधे, मानशी दोन देतेत म्हने! न्हाऊ घालते तुला उद्या डोक्यावरनं." मग पुन्हा फोनमध्ये, "मी घागरी घासून ठिवल्यात. आन् माझ्या पत्र्याच्या पेटीचं काय करू? नेऊ का हितंच ठिवू?"

शरणप्पा दारात उभे होते. खिडकीची कडी लावल्याचं नाटक करत ते ऐकत होते, किंवा ऐकत नव्हते. मारोतीराव म्हणाले, "बघू. आलो मी," आणि फोन ठेवला.

चोपन्न पायऱ्या उतरताना त्यांनी सरळ ठरवलं की सांगायचं. तीन माणसं आहेत, माझी चूक झाली. फार तर जागा जाईल. मग लगेच सिंधूची पाठ दिसली, काल कपडा पिळून पुसताना लाल झालेली जागा, आणि बादलीच्या तळाशी उरलेलं पाणी, जे टाकायचं नाही म्हणून संडासासाठी ठेवलं होतं. जागा जाईल म्हणजे काय जाईल ते त्यांना माहीत होतं. न सांगता आक्काला आणावं, तर रोज सकाळी त्या फळ्याखाली उभं राहायचं, सगळ्या बिल्डिंगीनं डोकी मोजायची. शहाणपणाची वाट तिसरी होती: आक्कानं दोन महिने गावी राहायचं, मिरगापर्यंत. गावात टँकर येतो. घराची पडकी भिंत आपण बांधून घेतलेली आहे. तिला तिथं… इथपर्यंत मन आलं आणि पुढचं जुनं वाक्य आपोआप जिभेवर आलं. मारोतीराव मधल्या वळणावर थांबले आणि कठड्याला धरून उभे राहिले. नाही. सांगायचं.

खाली शरणप्पांच्या घरात त्यांची बायको गौरम्मा हिनं पेला पुढं केला. अर्धा पेला. त्या उन्हाळ्यात लातुरात सगळीकडं अर्धाच पेला मिळायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. पाणी हलकं होतं. "डाळ शिजते का हो ह्यात?" मारोतीरावांनी विचारलं, आणि गौरम्मा एकदम खुलली. "हे कुनी शिकवलं तुम्हाला? गड्यानं पहिल्यांदा इचारलं बघा. लोण्यावानी शिजते." "शिकवलं एकानं," ते म्हणाले. टेबलावर करारनामा पडला होता, अकरा महिन्यांचा, शेजारी सोसायटीची वही, वहीत 'फ्लॅट नऊ, डोकी दोन', पुढं सहीची जागा. शरणप्पांनी पेनाचं टोपण काढून दिलं. मारोतीरावांनी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं.

"मास्तर, सही करायच्या आधी एक सांगायचं होतं."

"सांगू नका," शरणप्पा म्हणाले.



"मघापासून बघून राहिलोय मी. तुम्ही काय तरी बोलायला बघताव अन् गिळताव." शरणप्पांनी आवाज खाली आणला, खुर्ची जवळ घेतली. "साहेब, मी अठ्ठावीस वर्सं मास्तरकी केली. सगळ्या समाजाची लेकरं माझ्या हाताखालून गेली. तुमच्या लेकीचा फोन आला, पंचशीला म्हणून नाव सांगितलं, तव्हाच कळलं मला. म्हणून तर इचारलं न्हाई. इचारायचंच न्हाई ते. हितं तसलं काय न्हाई. नळ एक, फळा एक, घागरीला घागर लागली तर लागली. कुणी काय बोललं तर माझं नाव सांगा."

"अन् जाताना चहा घेऊन जावा म्हणावं," गौरम्मा आतून म्हणाली. "माझ्या घरचा."

हे ऐकायला मारोतीराव चौतीस वर्षं थांबले होते. सहा घरांच्या ओट्यांवर उभं राहून, सातव्यात जपून बोलत, कचेरीत डबा खाताना, प्रत्येक नव्या साहेबाच्या 'कुठले सूर्यवंशी'ला चाकूर दाखवत, ते हेच ऐकायची वाट बघत होते, की कुणीतरी आपण होऊन म्हणावं, सांगू नका, विचारणार नाही. आणि शरणप्पा मनापासून बोलत होते. त्यांचे डोळे जरा ओलावले होते, आपल्याच चांगुलपणानं ओलावतात तसे. आता ह्यावर 'ते नव्हे हो, घरात आणखी एक म्हातारी आहे' असं म्हणणं म्हणजे गळ्यात घातलेला हार काढून घालणाऱ्याच्याच हातात परत देणं. म्हणता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. मारोतीरावांना ते वाक्य दिसतही होतं. पण ही कृतज्ञता की सुटका हे कळायच्या आत ते म्हणाले, "मोठं मन आहे तुमचं, मास्तर," आणि त्यांनी सही केली. करारावर तीन ठिकाणी, वहीत एका. चहा घेतला. चांगला होता. निघताना शरणप्पा खडू घेऊन फळ्यापाशी गेले, आणि नऊच्या पुढं त्यांनी दोनाचा आकडा काढला.

घरी पोचले तेव्हा पुढच्या खोलीत सामानाचा ढीग होता. सिंधु आत झोपली होती. आक्कानं सगळं एकटीनं बांधलं होतं: भांडी पोत्यात, धान्य डब्यात, तिन्ही अंथरुणं एका जुन्या नऊवारीत गुंडाळून वर गाठ. ती मधोमध बसून घागरीला फडकं मारत होती.

"झालं?"

"झालं. उद्या सकाळी टेंपो येतो."

"कितवा मजला?"

"तिसरा."

"जमंल मला. सावकाश चढंन." तिनं घागर बाजूला ठेवली. "सकाळी किती भरायच्या?"

रिक्षातून येताना मारोतीरावांनी खूप काही जुळवलं होतं. मिरगापर्यंतच. भिंत पक्की आहे. दर आठवड्याला मी येईन. ह्यातलं काही आठवेना. प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधं होतं.

"चार," ते म्हणाले.

आक्का त्यांच्याकडं बघत राहिली. फार वेळ नाही. तिला हिशोबाला वेळ लागत नसे.

"बरं," ती म्हणाली. मग सरकत सरकत अंथरुणांच्या बोचक्याजवळ गेली. "मग माझी वाकळ काढून घ्यावी लागंल ह्यातनं."

गाठ तिनंच मारलेली होती, पक्की. तिची नखं लागेनात. तिनं दातानं ओढून पाहिलं, मग पुन्हा बोटांनी. मारोतीराव खाली बसले आणि तिला गाठ सोडू लागले.